तिसरा खांब

अठ्ठावीस वर्षं कॉड चिरला मी
फॅक्टरीच्या लांब टेबलाशी, गार पाण्यात बोटं बुडवून.
आता गुडघे कुरकुरतात, म्हणून मंगळवारी संध्याकाळी
सूवुरॉय बेटावरच्या शाळेत, पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसून
फोटो काढायला शिकते.

सुन्वा शिकवते. कोपनहेगनहून परत आलेली पोर,
नाकात चमकी, हातात कायम निवलेली कॉफी.
म्हणते, जेपेग नको, रॉ घे.
रॉ म्हणजे कच्चं, हे मला कुणी समजवायला नको:
कच्च्यात सगळं असतं, काटे, रक्त, चंदेरी कातडं.
शिजवलेल्यात फक्त कुणाची तरी चव.

म्हणते, क्षितिज मधोमध नको, चित्राचे तीन भाग कर.
तीन भाग? मान, पोट, शेपटी.
पहिल्याच दिवशी मी असं क्रॉप केलं
की वर्ग गप्प झाला.

हिस्टोग्राम नावाचा तो डोंगर मात्र कळेना.
डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड,
कडेच्या भिंतीला धडकलं की गेलं, परत मिळत नाही.
आमचा डिसेंबरातला दिवस तर
डाव्या भिंतीलाच पाठ टेकून बसलेला,
पाच तास बसतो, उठून जातो.

आणि धुकं.
आमच्याकडे धुक्याला नावं किती!
खाडीच्या तळाशी झोपतं त्याला एक,
कड्याच्या डोक्यावर टोपी होतं त्याला दुसरं,
मेंढरं चुकवतं त्याला तिसरं, ते आई हळू आवाजात घ्यायची.
ह्या संगणकात एकच पट्टी, डीहेझ.
डावीकडे ओढली, येतं. उजवीकडे ओढली, जातं.
मी खूप वेळ नुसती ओढत बसले.
येतं. जातं.
वडील होडीत असेच थांबून राहायचे.
त्यांच्याकडे पट्टी नव्हती.

फेब्रुवारीत एक सकाळ मिळाली.
ट्रायपॉडला दगडांची पिशवी टांगली,
हातमोज्यातून एकच बोट बाहेर काढलं,
श्वास धरला. आठ सेकंद शटर उघडं.
दरी निळी. तीन घरं. तिन्हींच्या खिडक्या पिवळ्या.
एका खिडकीत कुणीतरी उठलं होतं,
आठ सेकंदांत त्याचं भूत झालं.

पडद्यावर फोटो आला तशी सुन्वा म्हणाली, सुंदर!
फक्त ते विजेचे खांब तेवढे
हीलिंग ब्रशनं काढून टाक.
हीलिंग म्हणजे बरं करणं.
खांब हा काय आजार?
पण हात शिकाऊ. पुसला पहिला, पुसला दुसरा, तिसरा,
तारा गेल्या, गवतानं गवताची नक्कल केली,
टाका कुठे दिसेना.
सगळे वा म्हणाले.

मी खिडक्यांकडे बघत होते.
अजून पिवळ्याच.
वीज आता कुठून येते त्यांना?

ते खांब माझ्या भावानं रोवलेत.
हाल्गिर, तेव्हा बावीसचा, कमरेला दोर,
खडकात पहारीनं भोकं पाडून घरी यायचा
तेव्हा चमचा हातात थरथरायचा.
पहिला दिवा लागला त्या रात्री
शेजारची मालेना आपल्याच घरातली
कोळिष्टकं बघून लाजली होती.

कंट्रोल झेड. तार आली.
कंट्रोल झेड. खांब.
कंट्रोल झेड, कंट्रोल झेड.
सुन्वा काही बोलली नाही.
कॉफीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

प्रिंट हाल्गिरला नेऊन दिली.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी धरला.
निळाई नाही बघितली,
मी रात्र रात्र जागून उघडलेल्या सावल्याही नाहीत.
"तिसरा कललाय," म्हणाला.
मी म्हटलं, संगणकात सरळ होईल, एका क्लिकवर.
त्यानं फोटो खिडकीत टेकवून उभा केला,
त्याच्या मागून बाहेर बघितलं,
"वारा पडू दे," म्हणाला, "मग बघतो."